जैसे थे

खांब रस्त्यावर, रस्ता जगूच्या खळ्यापलीकडे,
आणि जगू माझा सख्खा चुलतभाऊ.
म्हणजे लंकेहून वायर आणणं त्यापेक्षा सोपं.

मुक्ता फोनवर म्हणाली होती,
नेट असेल तर आंब्याचा अख्खा महिना येऊन राहीन,
तिथूनच काम करीन.
नाहीतर शनिवार-रविवार.
मी देवगडात जाऊन फॉर्म भरला.

मंदार चिंदरकर आला,
कमरेला पकड, खांद्यावर काळ्या वायरचं वेटोळं.
काका, फणसावरून घेऊ, म्हणाला, सरळ पडेल.
त्याला काय ठाऊक.
त्या फणसाचं मूळ माझ्यात, फांद्या त्याच्यात,
गडगा बुंध्याला येऊन अडलेला,
आणि पंधरा वर्षं कोर्टाचा हुकूम : जैसे थे.
फांदी तोडायची नाही, खिळा मारायचा नाही.
(फणस मात्र पिकून पडतात.
त्यांना हुकूम बजावलेला नाही.)

मी आत गेलो, साक्षीदार व्हायला नको.
खिडकीतून पाहिलं तर मंदार वर,
हूक ठोकतोय,
आणि खाली शिडी धरून जगू.
शिडीही त्याचीच.
बोलला काहीच नाही. तोंडात पान होतं.

राउटर म्हणजे पांढरा डबा,
कान टवकारलेल्या सशासारखा.
आधी माजघरात ठेवला. जांभ्याच्या भिंती दीड हात रुंद,
पडवीत एक दांडी, न्हाणीघरात तीही नाही.
कपाटावर ठेवला, तांदळाच्या पिंपावर ठेवला.
यशोदा म्हणाली, देव्हाऱ्यात ठेवा,
रोज पुसला तरी जाईल.
शेवटी पूर्वेच्या खिडकीत.
तिथून पडवी मिळाली, विहीर मिळाली,
आणि जगूचं खळं अख्खं मिळालं, न मागता.
गडगा छातीएवढा.
लहरींची मोजणी कुठला सर्व्हेअर करणार?

पासवर्ड सांगा, मंदार म्हणाला,
विसरणार नाही असा. निदान आठ खुणांचा.
लेकीची जन्मतारीख मला यशोदेला विचारावी लागते.
न विसरणारं माझ्यापाशी एकच :
रे. मु. नं. ११४/२००९.
आकडे सातच भरले.
मधली तिरकी रेघ धरली तेव्हा आठ.
दिवा हिरवा झाला.

चौथ्या दिवशी यादी उघडली, कोण कोण जोडलंय.
माझा फोन. यशोदेचा.
तिसरा : जगन्नाथ.
कुणी रातोरात बांध कोरावा तसं झालं.
पण चोरी म्हणू कशी?
नंबर त्याला माझ्याइतकाच पाठ.
दर तारखेला पुकारा होतो
तेव्हा बाकावरून आम्ही दोघं एकदमच उठतो.
वकिलांना सांगितलं नाही.
पासवर्ड बदलायचं पान दोनदा उघडलं,
नवा मागितला, तर काही सुचेना.

आता रात्री त्याच्या खळ्यातून
दशावतार ऐकू येतो, मोबाईलवरचा.
त्याचा संकासुर मध्येच अडकतो
तेव्हा माझ्या बातम्याही अडकतात,
दोन्ही घरांत तेच एक कडं गोल फिरत राहतं.

परवा संध्याकाळी वारा पडला होता, पान हलत नव्हतं,
तरी दिवा लाल झाला.
यशोदा चहा गाळत होती.
गडग्यापलीकडून, पंधरा वर्षांनी, घसा खाकरून :
"नेट गेलां काय रे?"

मी डब्याकडे पाहिलं. यशोदेकडे पाहिलं.
ती गाळणीकडे बघत होती.
"तांबडी पेटली हा," म्हटलं.

बराच वेळ काही नाही. मग,
"बंद करून चालू कर."

केलं.

मुक्ता गुरुवारी येते.
सोमवारी तारीख आहे.